वळचणीचं पाणी

सकाळी चहाचं आधण ठेवायला उठले तर पातेलं जागेवर नव्हतं. एकोणीस फुटांच्या घरात वस्तू हरवायची म्हणजे कमालच, म्हणून आधी चिडचिड झाली, मग नवऱ्यावर संशय गेला, आणि मग ते दिसलं. गाडीमागे ओढून न्यायच्या आमच्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाला जो पलंग आहे त्यावर आई भिंतीला पाठ लावून, अंगाचं मुटकुळं करून झोपली होती आणि तिच्या उशीच्या जागी पातेलं होतं. पातेल्यात माझं भांडी पुसायचं फडकं, चौघडी करून ठेवलेलं. मी बघत होते तेवढ्यात छतातल्या दिव्याच्या कडेशी एक थेंब जमला, जरा वेळ लोंबला, लांबट झाला आणि फडक्यावर पडला. आवाज झाला नाही.

ज्यांचं लहानपण कौलांखाली गेलंय त्यांना हे फडकं समजावून सांगायला नको. गळतीखाली नुसतं भांडं ठेवलं की आधी ते टणटण वाजतं, बोटभर भरलं की डुबुक डुबुक करायला लागतं, आणि झोपलेल्या माणसाला पडलेल्या थेंबापेक्षा पुढचा थेंब छळतो. म्हणून तळाशी फडकं. आमच्या घरी आषाढात माजघरात अशी तीन-चार भांडी कायम मांडलेली असत आणि रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस अंधारातसुद्धा त्यांना चुकवून जात असे. आई उठल्यावर मी विचारलं, "मला उठवायचं नाहीस का?" ती केस बांधता बांधता म्हणाली, "उठून काय करणार होतीस? रात्रीचं कोण चढतंय वर? आणि फार नाही गो, वाटीभरसुद्धा नसेल."

वाटीभर. पुढचे दोन महिने हा शब्द माझ्या मागे लागला होता.

आई एप्रिलमध्ये आली होती, सहा महिन्यांसाठी. सिएटलचा उन्हाळा म्हणजे लखलखीत, कोरडा, रात्री नऊपर्यंत उजेड. सगळे पाहुणे त्यावर खूश असतात. आई जुलैपासूनच खट्टू होती. तिकडे राजापुरात अर्जुनेला पूर आल्याचे, बाजारपेठेत पाणी शिरल्याचे व्हिडिओ फोनवर यायचे आणि ती ते पुन्हा पुन्हा बघायची. "यंदाचा पाऊस चुकला माझा," असं कोणाचं तरी लग्न चुकल्यासारखं म्हणायची. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीला आम्ही तिला ऑलिंपिक द्वीपकल्पात, होहच्या जंगलात घेऊन गेलो. सिएटल पावसासाठी बदनाम आहे, पण वर्षाचा सगळा मिळून तो हजार मिलिमीटरच्या आतबाहेर. होहला मात्र साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या तोडीचा. कारणही तेच आहे. समुद्रावरून आलेल्या ढगांना ऑलिंपिकचे डोंगर आडवे येतात, अलीकडे ते रिते होतात, आणि पलीकडे सेक्विम नावाचं गाव जेमतेम चारशे मिलिमीटरवर भागवतं. आईला नकाशावर दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे घाट उतरला की कोकण." मला फार बरं वाटलं होतं. तिला तिचाच पाऊस परक्या देशात दाखवायचा, आणि तोही कोरड्या अंथरुणातून, चहाचा कप हातात देऊन, असं माझ्या मनात होतं. खरं सांगायचं तर त्या कोरड्या अंथरुणाचा थोडा तोरा होता.

म्हणूनच असेल, मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गळती नाकारली. "अगं, ही वाफ आहे," मी आईला सांगितलं. हे अगदीच खोटं नव्हतं. बंद ट्रेलरमध्ये चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यात आदल्या संध्याकाळी आपण गॅसवर भात-आमटी केलेली. एक किलो प्रोपेन जळलं की त्यातून दीड किलोच्या वर पाणीच तयार होतं, आणि ते सगळं थंड काचेवर नाहीतर छतावर जाऊन बसतं. खिडक्या सकाळी निथळत असतात त्या त्यामुळे. मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. आईने छताला नाक लावल्यासारखं केलं आणि म्हणाली, "वाफेला वास नसतो. हा कुजक्या वाशाचा वास आहे." वासाबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. वरण करपायच्या आधी ते करपणार हे तिला ओटीवर बसून कळतं.

आमच्याकडे गळती शोधायचे दिवस पावसाळ्यात नसत, मे महिन्यात असत. आगोटीची कामं निघाली की एक दिवस शाकारणीचा. सकाळी सहाला गडी शिडी लावून वर चढत आणि एका पाख्याची कौलं उतरवायला घेत. आम्ही मुलं खाली अंगणात रांगेने उभी. वरून आलेलं कौल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या, शेवटी भिंतीला उभं. एकेक कौल दोन-अडीच किलोचं, मेच्या उन्हाने तापलेलं, खालच्या अंगाला चुलीच्या धुराची काजळी. दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत काळे. मधूनच एखाद्या कौलाखालून विंचू निघायचा आणि रांग मोडायची. जुन्या कौलांवर मंगळूरच्या कारखान्याचा छाप असे. बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ मध्ये तिथे कौलांचा पहिला कारखाना काढला, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मात्र त्या छापातली इंग्रजी अक्षरं लावून बघणं हाच आमचा खेळ. मग फुटकी कौलं वेगळी काढायची, रिपांना वाळवी लागलीय का ते ठोकून बघायचं, पालापाचोळा झाडायचा आणि तीच कौलं पुन्हा त्याच क्रमाने वर पाठवायची. आढ्यावरचे कोने सर्वांत शेवटी.

वर चढायची परवानगी मात्र पोरींना नव्हती. खाली देवघर आहे, असं कारण सांगत. मग शाकारणीचे गडी देवघराच्या डोक्यावर उभे राहतात त्याचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर उत्तर मिळालं नाही, कामाला लाव तिला असं मिळालं.

शाकारणी झाल्यावर बाबा घरात शिरून सगळे दिवे मालवत, दारं लोटून घेत आणि मान वर करून खोलीखोलीतून फिरत. कुठून उन्हाची तिरीप येते ते बघायला. ऊन येतं तिथून पाणी येतं, हा आमच्या घरचा नियम. जमिनीवर पडलेल्या कवडशावर खडूने फुली मारायची, बाबा खालून काठीने कौल जरा सरकवायचे, कवडसा विझायचा. एवढं करूनही पहिल्या मोठ्या पावसात कुठेतरी गळायचंच. वानरं उड्या मारून कौल फोडत, वाऱ्याने सरकत. मग भर पावसात आतूनच, माळ्यावर चढून, फुटक्या कौलाखाली पोफळीच्या विरीचा तुकडा नाहीतर डालड्याच्या डब्याचा पत्रा सारायचा, की पुढच्या मेपर्यंत सोय झाली. त्या छपराने कधी न गळण्याचा शब्द दिलाच नव्हता. एकावर एक ठेवलेली कौलं, मधल्या फटींतून वारा खेळता. भिजायचं आणि वाळायचं. वासे शंभर वर्षं टिकले ते न भिजल्यामुळे नाही, भिजून वाळत राहिल्यामुळे.

ट्रेलरचं छप्पर याच्या अगदी उलट. वर एकसंध रबराची चादर, ईपीडीएम म्हणतात ती. तिच्याखाली जेमतेम बोटभर जाडीचं प्लाय, त्याखाली बारीक लाकडी वासे, वाशांमध्ये काचतंतूंचा कापूस आणि सगळ्यांत खाली तीन मिलिमीटरची शोभेची फळी, जिच्याकडे बघत आपण झोपतो. उन्हाची तिरीप यायचा प्रश्नच नाही. रबर सहसा फाटत नाही, फांदी घासली तरच. पाणी शिरतं ते या चादरीला आपण पाडलेल्या भोकांतून. हवेचा पंखा, एसी, स्नानघरावरची पारदर्शक घुमटी, संडासाच्या टाकीची वास जायची नळी, शिडीचे स्क्रू, पुढच्या कपाळावरचे ते पिवळे दिवे, आणि छत जिथे भिंतीला भेटतं ती चारी बाजूंची पट्टी. प्रत्येक भोकाभोवती सीलंटची एक मऊ कड असते. उन्हाने ती वाळते, आक्रसते, तिला केसासारखी चीर पडते. त्या चिरेत पाणी जातं, रात्री गोठतं, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं आणि चीर आणखी उघडते. वर्षातून निदान दोन-तीनदा वर चढून या कडा बघाव्यात असं ट्रेलरबरोबर आलेल्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही हा ट्रेलर जुना घेतला त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत मी किती वेळा वर चढले, हे आईने विचारलं नाही. विचारलं असतं तर शून्य हा आकडा मराठीतही फार लहान वाटतो.

घरी परतल्यावर मी आवारात ट्रेलर लावला, बागेच्या नळाला पाइप जोडला आणि दिव्याच्या नेमकं वर, छतावर अर्धा तास पाणी सोडलं. आत एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तरी नाही. नवरा म्हणाला, वाफच असेल. मलाही ते ऐकून बरं वाटलं. मग शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. आयुष्यभर बोटी दुरुस्त केलेला माणूस, आता गुडघे गेल्यामुळे फक्त सल्ले दुरुस्त करतात. त्यांनी ट्रेलरकडे बघितलं आणि विचारलं, "जंगलात तो असाच उभा होता का?" नव्हता. आमच्या आवाराला चढ आहे, त्यामुळे घरी ट्रेलरचं नाक वर असतं. होहला जागा मिळाली ती पुढे उताराची होती, नाक खाली. मी फळ्या घालून थोडं सरळ केलं होतं, पण अंधार पडत आलेला, पाऊस सुरू, चालतंय म्हणून सोडून दिलं.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण किती सहज म्हणतो. ही म्हण जमिनीत पाय रोवून बसलेल्या घरांची आहे. चाकांवरच्या घरात वळचण कुठे आणि आढं कुठे हे रोज संध्याकाळी नव्याने ठरतं. घरी मागच्या बाजूला वाहून, कुठल्यातरी कापसात गपचूप मुरणारं पाणी जंगलात नाक खाली झाल्याबरोबर पुढे धावलं आणि वाटेत पहिलं भोक मिळालं तिथून, म्हणजे दिव्याच्या स्क्रूपाशी, आईच्या गालावर उतरलं. पाणी शिरलं होतं कुठेतरी मागे. शिवाय ताशी शंभर किलोमीटरने गाडीमागे धावताना पाऊस वरून पडतच नाही. तो समोरून येतो, पट्टीखाली घुसतो, वरही चढतो. म्हणजे गळणाऱ्या जागेच्या बरोब्बर वर पाणी ओतत बसलेली मी, कवडशावर खडूने फुली मारणाऱ्या बाबांची मुलगी, चुकीच्या घराचा नियम लावत होते. आणि मुख्य म्हणजे गळती त्या रात्री सुरू झालेली नव्हती. ती किती वर्षांची होती कोण जाणे. त्या रात्री ती फक्त दिसली.

ऊन येत नाही तर वारा जातो का बघ, असं आजोबांनी सुचवलं. मोठ्या दुरुस्तीच्या दुकानांत यासाठी खास यंत्र असतं. ट्रेलरच्या छताच्या झरोक्यात ते बसवतात, आत हवा भरतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडतात. आम्ही बागेतली पानं उडवायचं यंत्र घेतलं, झरोक्याला पुठ्ठा चिकटवला, पुठ्ठ्याला भोक पाडून यंत्राचं तोंड आत घातलं, आणि बाकी सगळ्या खिडक्या-झडपा बंद केल्या. यंत्र सुरू झाल्यावर ट्रेलरच्या भिंती किंचित फुगल्यासारख्या वाटल्या, जेवल्यावर माणूस फुगतो तशा. मी शिडीवर. खाली आई, एका हाताने शिडी धरून, दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याची बादली. नवऱ्याला उंचीचं वावडं आहे, तो यंत्राशी. मी रंगाच्या ब्रशने एकेक कड साबणाने माखत चालले. पुढची पट्टी, काही नाही. पंखा, काही नाही. संडासाच्या नळीपाशी ब्रश टेकवला आणि तिच्या तळाशी इवलेसे बुडबुडे यायला लागले. आधी मोहरीएवढे, मग बोराएवढे, एकमेकांना ढकलत. उन्हात त्यांच्यावर इंद्रधनुष्य होतं. इतकं सुंदर होतं की क्षणभर मी ओरडायचंच विसरले.

"काय झालं? सापडलं?" आई खालून.

सापडलं. दिव्यापासून सात फूट मागे. नळीभोवती आधीच्या मालकाने पांढऱ्या सिलिकोनचा जाड थर दिला होता, अगदी प्रेमाने, बोटाने गुळगुळीत करून. वरून पाहिलं तर पक्कं काम. पण सिलिकोन या रबराला नीट धरत नाही. कडेला नख घातलं तर तो थर दुधावरच्या सायीसारखा अखंड उचलून आला. खाली मूळ सीलंटला पडलेली चीर जशीच्या तशी, हिरवट, ओली. ट्रेलर दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलण्यात सिलिकोनबद्दल एक विशेष राग असतो, तो मला त्या दिवशी समजला. त्याचा अंश राहिला तर त्यावर दुसरं सीलंट नीट चिकटत नाही. तरी त्या आधीच्या मालकाचा मला राग येईना. त्यालाही कोणीतरी रात्री उठवलं असेल, किंवा उठवलं नसेल.

आतून फळी उतरवली तेव्हा खरा वास आला. ओला कापूस जुन्या गोधडीसारखा जड होऊन खाली आला. त्यामागचा वासा हाताला पावासारखा लागला, काळा, चौकोनी चिरांचा. स्टेपलच्या पिना गंजून नुसते लाल डाग उरलेले. हे ट्रेलर बहुतेक इंडियानात एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि तिथल्या कारखान्यांत आमिश कारागीर पुष्कळ असतात. स्वतः घोडागाडीने फिरणाऱ्या माणसांनी जोडलेलं हे फिरतं घर. त्यांच्यापैकी कोणाच्या हाताने हा वासा ठोकला असेल, हा विचार उगाच येऊन गेला. ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं मीटर मिळतं, ते टोचलं तर एकतीस टक्के. वीसच्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण समजायचं.

वाशाच्या त्या तुकड्याकडे बघताना मला होह आठवत होतं. तिथे तीनशे फुटांपर्यंत वाढणारे सिटका स्प्रूस आहेत. एखादा उन्मळून पडला की त्याच्या कुजत्या अंगावर नवी रोपं रुजतात, एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. पुढे मूळ ओंडका नाहीसा होतो आणि ती ओळ तशीच उरते. पाटीवर त्याला दाई ओंडका अशा अर्थाचं नाव दिलंय. आईने त्या ओंडक्याला हात लावून तो नाकाशी नेला होता. थोड्याच दिवसांनी आमच्या छतात नेमका तोच वास होता. तिथे त्याचं कौतुक, फोटो, आणि इथे त्याला मी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरत होते.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले, त्यातले सहा नुसते वाळवण्यात. पंखा लावला, हवेतली ओल ओढणारं यंत्र लावलं. पहिल्या दिवशी त्याची टाकी दोनदा भरली. आई ते पाणी गुलाबांना घालायची आणि प्रत्येक वेळी मोजून सांगायची, "दीड तांब्या निघालं." कुजका भाग कापून काढला, जुन्या वाशाच्या बाजूला नवा वासा जोडला, खालून प्लायचा नवा तुकडा. मग वर. उरलेलं सिलिकोन प्लास्टिकच्या पात्याने खरवडायला एक अख्खी दुपार गेली. पात्याऐवजी चाकू घेतला असता तर अर्ध्या तासात झालं असतं आणि रबराला नवी भोकं पडली असती. रॉकेल-पेट्रोलसारखं काही लावायचं नाही, रबर फुगतं. नुसतं साबणपाणी, मग दवाखान्यात वापरतात तसलं अल्कोहोल. नवी चकती, तिच्याखाली ब्युटाइलची टेप, जी मळलेल्या काळ्या कणकेसारखी असते. स्क्रू कसताना ती कडेने जराशी बाहेर डोकावली की बस, जास्त पिळायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी आपोआप पसरणारं सीलंट, स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेभोवती.

छतावर उभं राहायचं नाही, फळी टाकून तिच्यावर पालथं पडायचं, म्हणजे वजन वाटलं जातं. मी पालथी पडून हात खाली सोडायचे आणि आई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहून एकेक वस्तू वर द्यायची. पाना. स्क्रू. टेप. नळकांडं. ती वस्तू देताना आधी दोन्ही हातांनी वर धरायची आणि माझ्या पकडीत आली की लगेच सोडायची नाही, एक क्षण थांबायची. तिसऱ्या-चौथ्या वस्तूला माझ्या लक्षात आलं की कौल असंच द्यायचं असतं. अर्धवट सुटलं तर पायावर पडतं. शेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुठल्यातरी छपरावर होते आणि मला वर पाठवून खाली उभी राहिलेली बाई ही तीच होती, जी मला कामाला लाव म्हणाली होती. मी वरून म्हटलं, "आई, खाली देवघर नाहीये ना?" ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्या बाबांना वरून पडायची भीती होती. त्यांनी सांगितलं नाही कधी. पोरींनी चढू नये हे सासूबाईंचं होतं, मी नुसतं पुढे चालवलं." मग लगेच, "ते ओतताना घट्ट वाटतंय का? एकतारी पाकासारखं पडायला हवं."

ते तसंच पडत होतं. नळीभोवती एक गोल वेटोळं, ते हळूच बसलं, कडा स्वतःच्या स्वतः पातळ झाल्या आणि वर चकचकीत साय धरली. वरून काही तासांत वाळतं, आतून पुरतं वाळायला महिना लागू शकतो.

गावच्या घरावर आता कौलं नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आढ्यावरचे कोने उडाले, पाठोपाठ एक पाखं उघडं पडलं, आणि शाकारणीला माणसंच मिळेनात. मुंबई-पुण्याच्या सगळ्या भावंडांनी पैसे जमा करून निळा पत्रा घातला. मीही घातले. फोनवर हो म्हणायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती. वानरांचा त्रास संपला, आईच्या मागची कटकट गेली. आई त्याबद्दल कधी तक्रार करत नाही. फक्त पाऊस लागला की फोन लवकर आटपते, कारण पत्र्याखाली एकमेकांचं ऐकू येत नाही. कौलांवर पाऊस घुमायचा, त्याखाली बोलता यायचं. ट्रेलरच्या रबरावर तर त्याला आवाजच नाही, नुसती पुटपुट. होहच्या रात्री ती बराच वेळ जागी होती असं तिने नंतर सांगितलं. थेंब पडायच्या आधीपासून. "पाऊस पडतोय की थांबलाय तेच समजेना," म्हणाली. "मग गालावर पडला तेव्हा समजलं."

ऑक्टोबरच्या मध्यावर ती गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथला खरा पाऊस लागला, तीन दिवस सलग. तिसऱ्या रात्री नऊला मी छत्री, विजेरी आणि ते दोन सुयांचं मीटर घेऊन ट्रेलरमध्ये गेले. मुद्दाम आधीच चाकांखाली फळ्या घालून त्याचं नाक खाली केलं होतं. दिव्यापाशी मीटर टोचलं. बारा. नव्या फळीवर बारा, नळीखाली तेरा. मी पलंगावर बसून एकटीच हसले. मग, कशाला गेले माहीत नाही, दारापलीकडच्या मागच्या कोपऱ्यात, कपाटाच्या वर, जिथे कधीच काही दिसलं नव्हतं, तिथेही टोचून बघितलं. चोवीस. जरा सरकवून पुन्हा. पंचवीस.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे सकाळचे साडेदहा, आईची पूजा आटोपलेली.

"पाऊस आहे म्हणे तुमच्याकडे. बघितलंस का जाऊन?"

"तिथेच आहे. खडखडीत कोरडं आहे."

"पातेलं आत नेलंस ना घरात? तुझ्या चहाचं आहे ते."

"नेलं."

ते शेगडीवरच होतं, ती ठेवून गेली होती तसं. फोन ठेवल्यावर मी कपाट रिकामं केलं आणि ते मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. तिथे झोपायला कोणी येणार नव्हतं. तरी ओट्यावरचं फडकं घेतलं, चौघडी केली आणि आत घातलं.